मशीननं पदक खाल्लं

महाडच्या स्टँडसमोर चहाला बसलो की हल्ली कुणी ना कुणी खुर्ची ओढून माझ्याजवळ येतं. कुणाचा मुलगा आखातात असतो, कुणाची मुलगी. आई-बाप पहिल्यांदाच विमानात बसणार असतात, आणि त्यांना विचारायचं असतं, "दादा, आपलं एटीएमचं कार्ड तिकडं चालतं काय हो?" चालतं, मी सांगतो. का नाही चालणार! मला विचारा ना. पण आधी चहा सांगा, मग पुढचं ऐका.

मी एसटीचा कंडक्टर. रिटायर झालो म्हणून काय झालं, कंडक्टर तो कंडक्टरच. सगळी नोकरी महाड डेपोत गेली. पोलादपूर, शिवथर, आंबेनळी चढून महाबळेश्वर, कशेडी उतरून खेड. आयुष्यभर दुसऱ्याची रोकड गळ्यात अडकवून फिरलो आणि संध्याकाळी डेपोत भरून मोकळा झालो. स्वतःच्या खिशात मात्र पाचशेच्या वर कधी ठेवले नाहीत. जास्त असले की जातात, हा माझा अनुभव. त्यामुळे पैशाच्या बाबतीत मला कुणी अक्कल शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. आमची बायको म्हणते, फिरायला त्याला निमित्त कशाला लागतंय?

तर, आमचा एकुलता एक मुलगा शारजात असतो. मोठमोठ्या इमारतींच्या एसीचं काम बघतो. सूनही तिकडंच नोकरी करते. तिला दिवस गेले तेव्हा पोलादपूरला माहेरी येणं काही तिला जमेना, आणि तिच्या आईचा गुडघा असा की स्वयंपाकघरातून ओटीवर यायचं तरी दोनदा बसते. मग ठरलं, आम्ही दोघांनीच जायचं. बायकोनं कुळथाच्या पिठाचा डबा भरला, डिंकाचे लाडू बांधले, आणि एके दिवशी मला म्हणाली, "पोराच्या गळ्यात काय घालायचं ते ठरवलंत का?"

ठरवलं होतं. मुलगा होवो की मुलगी, नामकरणाच्या दिवशी सोन्याची साखळी आणि साखळीला पदक. माझ्या पैशानं, माझ्या हातानं. यात चर्चा नाही.

चर्चा केली ती शेजारच्या चाचांनी. चाचा माझ्याहून थोडे मोठे, बरीच वर्षं कुवेतला ट्रक चालवून आलेले. आता मुलाचे दोन ट्रक आहेत आणि चाचा ओटीवर बसून सगळ्या आळीवर लक्ष ठेवतात. ते म्हणाले, "अरे कंडक्टर, महाडात सोनं घेऊन तिकडं चाललास? येडा हायस काय? लोक तिकडून इकडं आणतात. कार्ड घेऊन जा, तिकडंच घे. सोनं कसं, एकदम चोख."

मला ते पटलं. मी माझा साधा बटणांचा फोन चाचांच्याच हवाली केला. तो नंबर बँकेला जोडलेला होता, पण परदेशात चालू ठेवला तर रोमिंगचे पैसे पडतात असं कळलं होतं. फुकटचे पैसे घालवायचे कशाला? गॅसवाल्याचा फोन आला तर घ्या म्हटलं, बाकी असू दे खिडकीत. मग बँकेत जाऊन कार्ड परदेशात चालेल असं करून घेतलं. काउंटरवरची मुलगी चांगली होती. म्हणाली, "काका, तिकडे चार्जेस लागतात हां."

"लागू देत की," मी म्हटलं. "तिकीट सगळ्यांनाच लागतं. मी काय फुकट जाणारा वाटलो?"

ती काहीतरी पुढं सांगत होती, पण मागं रांग होती आणि मी निघालो. आता वाटतं, थांबलो असतो तर बरं झालं असतं.

शारजात पोचलो आणि आठवड्याच्या आत मुलगी झाली. एवढीशी, लालबुंद, आणि रडायला लागली की खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असा आवाज. माझ्यावर गेली, असं सगळे म्हणाले. मी खूश.

पण एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खटकायला लागली. मुलगा मला कुठंही पैसे देऊ देईना. भाजीला गेलो, खिशात हात घातला, की "बाबा, राहू दे." औषधं आणायला गेलो, "बाबा, राहू दे." एकदा केस कापायला घेऊन गेला. मी खुर्चीतून उठून पाकीट काढतोय तोवर यानं मोबाइल दाखवून पैसे दिलेसुद्धा. डोकं माझं, दाढी माझी, आणि पैसे याचे! मला असा राग आला. बरं, तो काही वाईट वागत नव्हता. चांगलाच वागत होता. म्हणून तर भांडताही येईना.

रात्री बायकोला म्हटलं, "मी काय त्याच्याकडं भीक मागायला आलोय?"

"अहो, लेक कमावतो तर घेऊ दे की त्याला."

"घेऊ दे. सगळं घेऊ दे. पण साखळी माझी. त्याला पत्ता लागता कामा नाय. कळलं की लगेच 'बाबा, राहू दे' सुरू होईल."

बायकोनं कबूल केलं. नामकरणाला अजून अवकाश होता. तोवर गुपचूप रोकड जमवायची आणि दुकानात जाऊन साखळी घ्यायची, असा आमचा बेत. दुकानात कार्ड घासायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आपण नोट देणार, समोरचा मोजून घेणार, याला मी व्यवहार म्हणतो.

इमारतीच्या खाली एक मोठं किराणा दुकान होतं आणि त्याच्या दारात मशीन. मी संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून खाली उतरायचो. पहिल्या दिवशी मला चांगलाच घाम फुटला. आपल्या महाडच्या मशीनवर मराठी दिसतं, इथं अरबी आणि इंग्रजी. पण मीही काही अडाणी नाही. कार्ड घातलं, नंबर दाबला, शंभर दिरहम मागितले. तर पडद्यावर भलामोठा मजकूर आला, त्यात कुठलातरी आकडा, आणि खाली हो की नाही? आता तुम्हीच सांगा, नाही कोण दाबणार? नाही दाबलं तर पैसे मिळणार नाहीत एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. मी हो दाबलं.

पुढं आणखी एक प्रश्न. पैसे दिरहममध्ये कापू की भारतीय रुपयात? अहो, काय सांगू! परमुलखात, त्या अरबी अक्षरांच्या गर्दीत, आपला रुपया! मला एकदम गाववाला भेटल्यासारखं झालं. मी ताबडतोब रुपयाचं बटण दाबलं. मशीननं शंभराची करकरीत नोट दिली. नोट बायकोकडं दिली, तिनं ती कुळथाच्या पिठाच्या डब्यात खोचून ठेवली. त्या घरात तेवढ्या एका डब्याला सून हात लावत नव्हती, तिला तो वासच सोसत नव्हता.

मग रोजचा क्रम झाला. संध्याकाळी खाली उतरायचं, शंभर काढायचे. एकदम जास्त काढायचे नाहीत, उगाच अंगावर जोखीम कशाला? महाडातही मी पाचशेच काढतो आणि संपले की परत जातो. आणि काढायच्या आधी खात्यात किती आहेत ते बघायचं, काढून झाल्यावर पुन्हा बघायचं. हिशेब लागला पाहिजे. आकडा बघून वाटायचं की जरा जास्तच खाली आलाय, पण म्हटलं, दिरहमचा भाव चढला असेल. सोन्याचाही रोज चढतोच आहे. जगात सगळंच चढतंय.

असे बरेच दिवस सुरळीत गेले. डबा भरत चालला. एक दिवस बायको म्हणाली, "पिठापेक्षा नोटाच जास्त झाल्या." आम्ही दोघं स्वयंपाकघरात तोंड दाबून हसलो. लग्नानंतर एवढी चोरून मजा आम्ही पहिल्यांदाच केली असेल.

आणि नामकरणाला दोन दिवस उरलेले असताना मशीननं नकार दिला.

कार्ड घातलं, नंबर दाबला, शंभर मागितले. पडद्यावर दोन ओळी, आणि कार्ड बाहेर. पुन्हा घातलं. पुन्हा बाहेर. नंबर चुकला का म्हणून बोटांनी मोजून दाबला. बाहेर. माझ्यामागं एक पठाण उभा होता, त्यानं हातानंच विचारलं, काय झालं? मी हातानंच सांगितलं, कप्पाळ! डब्यातल्या नोटांत साखळी बसत नव्हती. आता काय सांगायचं? नातीच्या गळ्यात आजोबानं काय घातलं, तर हवा?

वर आलो तर सगळे जेवायला बसलेले. बायकोनं माझं तोंड बघितलं आणि ओळखलं, पण बोलायची सोय नव्हती. मी भाताचा पहिला घास घेतला आणि मुलाचा मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर चाचा. म्हणजे चाचांचं कपाळ आणि वरचा पंखा.

"अरे बेटा," चाचा महाडहून ओरडत होते, "तुझ्या बापाच्या खात्यावर डाका पडलाय! घाबरू नको, आम्ही कार्ड बंद केलंय!"

मुलगा दचकला. सून ताट ठेवून पुढं आली. मी घास तोंडात धरून बसलो.

झालं होतं असं. खिडकीतला माझा फोन रोज संध्याकाळी टुंग टुंग वाजायचा. चाचांना वाटायचं, जाहिराती असतील. त्या दिवशी त्यांच्या सुनेनं सहज उघडून बघितलं, तर मेसेजची ही रांग, आणि सगळे पैसे गेल्याचे. चाचा मला ओळखतात. सगळ्या आळीत चिंगूस म्हणून माझी ख्याती. पोराच्या घरी राहणारा, सोनं एकदाच घेणार असलेला माणूस रोज रोज पैसे काढतोय कशाला? नक्कीच कुणीतरी चोर. मग सुनेनं माझ्याच फोनवरून बँकेला मेसेज पाठवून कार्ड तात्पुरतं बंद करून टाकलं. आधी गळती बंद, मग चौकशी, असं चाचांचं म्हणणं. शेजारी असावा तर असा. पण त्या क्षणी मला चाचा समोर सापडले असते ना, तर त्यांना कशेडीत गाडीतून उतरवून ठेवलं असतं.

"चोर नाय चाचा," मी शेवटी घास गिळून म्हटलं, "मीच काढत होतो."

मग चाचांचा आवाज, "तूच? रोज? अरे कंडक्टर, तुला काय गाढव चावलं काय? वाच गो बेटी, वाच त्याला."

चाचांची सून एकेक मेसेज वाचायला लागली आणि आमचा मुलगा इकडं समजावून सांगायला लागला. मशीनचे वेगळे पैसे. तो पहिल्या पडद्यावरचा आकडा, ज्याला मी हो म्हटलं होतं. आपल्या बँकेचे वेगळे पैसे. दिरहमचे रुपये करायचे वेगळे. या सगळ्या कापाकापीवर वर टॅक्स. मोजून बघितलं तर शंभर काढायला जवळजवळ तीस दिरहम जात होते. आणि रुपयाचं बटण?

"ते कधीच दाबायचं नसतं, बाबा. त्यात मशीनवाले स्वतःचा भाव लावतात. ती सगळ्यात महागडी फसवणूक."

म्हणजे तो गाववाला म्हणून ज्याला मिठी मारली, त्यानंच खिसा कापला!

"आणि हे बारके बारके काय आहेत? रोज दोन-दोन?" चाचांच्या सुनेनं तिकडून विचारलं.

"ते मी खातं बघत होतो."

"बघायचेही पैसे लागतात, बाबा," मुलगा म्हणाला.

तेव्हा मात्र माझा संयम सुटला. "बघायचे? नुसतं बघायचे? अरे, खिडकीतून घाट बघितला म्हणून मी जन्मात कुणाला तिकीट फाडलं नाय!"

आमची सून हसायला लागली. तिला टाके पडलेले, हसवत नव्हतं, तरी पोट धरून हसत होती. बायको हसली. तिकडं महाडात चाचांचं सगळं घर हसत होतं. मुलगा तेवढा हसला नाही. त्यानं विचारलं, "पण बाबा, पैसे कशाला हवे होते? माझ्याकडे मागायचे ना."

आता लपवून काय उपयोग! बायकोनं डबा आणून समोर ठेवला आणि साखळीचं सांगून टाकलं.

"एवढंच ना?" मुलगा म्हणाला. "मग बाबा, राहू दे. साखळी मी घेतो, पदकासकट. नाव तुमचंच सांगू सगळ्यांना."

मी ताटावरून उठलो. "नाव माझं आणि पैसे तुझे? मग नातही तूच खेळव, मी चाललो महाडला!" असं म्हणून मी तरातरा गॅलरीत जाऊन उभा राहिलो. महाडला जायचं तर विमान लागतं, आणि ते तिकीटही त्यानंच काढलेलं, हे गॅलरीत गेल्यावर ध्यानात आलं. मग आणखीनच राग आला. आणि खरं सांगतो, रडूही आलं. हा पोरगा आपल्याकडून आता काहीच घेणार नाही. त्याला माझं काही लागतच नाही. बापाची गरज संपली, हे असं ताटावर बसून कळावं?

आतून बायकोचा आवाज ऐकू आला. ती मुलाला म्हणत होती, "तू गप बस. त्यांना घेऊ दे. तुला काय कळतंय का?" पुढचं काही ऐकू आलं नाही, नात रडायला लागली होती.

थोड्या वेळानं मुलगा माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. म्हणाला, "चाचांच्या सुनेनं कार्ड परत चालू केलंय. उद्या मी दुकानापर्यंत सोडतो. आत येणार नाही." आणि वळता वळता म्हणाला, "पण बाबा, नोटा कमी पडल्या तर मशीनवर जाऊ नका. कार्ड दुकानातच घासा. त्यात कमी कापतात."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नवरा-बायको सोन्याच्या दुकानात. मुलगा बाहेर गाडीत बसून राहिला. दुकानातला पोरगा केरळचा होता, हिंदी माझ्यासारखीच मोडकी, त्यामुळे आमचं छान जमलं. बायकोनं नाजूक साखळी पसंत केली. मी नोटा दिल्या, त्यानं मोजायला घेतल्या, आणि टेबलावर कुळथाचं पीठ सांडलं. त्यानं वास घेतला आणि म्हणाला, हे तर आमच्या घरचं धान्य! नोटा कमी पडल्या तेवढ्यापुरतं कार्ड घासलं.

मग त्यानं पदकांचा ट्रे पुढं ओढला. त्यात एक होतं, पिंपळाच्या पानाचं. बायकोनं ते बोटावर ठेवून बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. महाडहून निघताना मी एक रक्कम ठरवली होती आणि ती तिथं संपत होती. त्याच्या पुढचे पैसे आमच्या दुखण्याखुपण्याचे, त्याला हात लावायचा नाही असं आमच्या दोघांचं ठरलेलं. पदकाचे पैसे होते, पण ते तीस-तीसनं मशीनच्या पोटात गेले होते. बायकोनं पान परत ट्रेमध्ये ठेवलं. "साखळी काय कमी हाय का," ती म्हणाली. घरी जाईपर्यंत मी मशीनला मनातल्या मनात अशा काही शिव्या दिल्या की त्या इथं सांगता येणार नाहीत.

नामकरणाला आपल्याकडचेच लोक आले होते, माणगावचे, खेडचे, दोन महाडचे. फ्लॅट तो केवढा, पण बसले सगळे मांडीला मांडी लावून. त्रिशरण-पंचशील झालं. नातीचं नाव ठेवलं. मग मी पुढं झालो आणि तिच्या गळ्यात साखळी घातली. तिनं डोळे किलकिले केले आणि जांभई दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "आजोबांनी घेतली वाटतं!" मी म्हटलं, "मग! दुसरं कोण घेणार?"

एवढ्यात मुलगा वाकला. त्यानं साखळी बोटानं उचलून उलटीपालटी करून बघितली, माझ्याकडं वर बघितलं, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बाबा, ह्याला पदक नाय घेतलंत?"

'नाय' म्हणाला. नोकरीला लागल्यापासून पोरगा पुण्याचं मराठी बोलतो. आणि नोकरीला लागल्यापासून त्यानं माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. एक रुपया नाही, एक रुमाल नाही. आणि आता बघा, चारचौघांत तोंड वर करून पदक मागतोय! त्याच्या आईनं शिकवून ठेवलं होतं की त्याचं त्याला सुचलं, मला ठाऊक नाही. मी विचारलंही नाही, विचारणारही नाही. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून मी त्याच्यावरच खेकसलो, "आणतो रे! जरा दम धर की!"

बायकोकडं बघितलं. ठरलेल्या रकमेचं तिनं काही काढलं नाही. नुसती मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच आम्ही दोघं दारात उभे होतो. पिंपळाचं पान ट्रेमध्येच होतं. मी कार्ड काढून त्या केरळच्या पोराच्या हातात दिलं, त्यानं ते घासलं, आणि किती कापले ते मी विचारलंसुद्धा नाही.